चार शब्दांची ओळ

एकदा चीन देशातील एका नदीकाठच्या गावी एक शिष्य वृद्ध गुरूंजवळ काव्यशास्त्र शिकत होता. मुलगा मोठा हुशार, आणि तेच त्याला नडले.

महापुरात गावचा बांध राखताना एक तरुण वाहून गेला होता. त्याचे स्तुतिकाव्य दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी म्हटले जाई. त्या वर्षी गुरूंना खोकल्याने बोलवेना, म्हणून पठणाचा मान शिष्याला मिळाला. त्याने काव्य बारकाईने तपासले. प्रत्येक ओळीत चारच शब्द, निर्दोष. एकाआड एक ओळीला यमक, तेही चोख. पण ‘तो बांधावर उभा होता’ ही ओळ दर कडव्याच्या शेवटी जशीच्या तशी! कवीला दुसरे काही सुचले नसावे, असे म्हणून त्याने ती पहिल्या कडव्यापुरती ठेवली. बाकी सगळीकडची खोडली. गुरूंना विचारलेसुद्धा नाही.

पठणाला त्या तरुणाची म्हातारी आई पुढेच बसली होती. पहिल्या कडव्याला तिने ती ओळ म्हटली. दुसऱ्याच्या शेवटी तिने तोंड उघडले, तोवर शिष्य पुढे गेला होता. तिसऱ्यालाही तेच झाले. मग तिने बाही तोंडाशी धरली, ती शेवटपर्यंत.

पठण संपताच गुरू उठले आणि भर सभेत त्या निरक्षर म्हातारीच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. शिष्य चक्रावला.

“गुरुजी, आपण एवढे पंडित, आणि हे काय?”

“अरे वेड्या, ते काव्य माझेच. पण यमके तेवढी माझी,” गुरू खोकत म्हणाले. “त्याचा देहही सापडला नाही. मी भलीमोठी नटवी रचना घेऊन गेलो, तर ही माउली रिकाम्या थडग्यापाशी ‘तो बांधावर उभा होता’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोन हुंदक्यांमध्ये तिला चारच शब्द फुटत. तिला थांबवायची माझी छाती झाली नाही. म्हणून सगळ्या ओळी चार शब्दांच्या केल्या, आणि दर कडव्याला तिची जागा ठेवली. एरवी वर्षभर तिचे कोण ऐकते रे?”

शिष्य रडतच म्हातारीच्या घरी गेला. ती शेंगा सोलत होती.

“आजी, चुकलो मी.”

“छे हो! तुम्ही शिकलेली माणसं, विचार करूनच काढलं असेल. फक्त एवढं सांगा बाबा, आता मी ते कुठं म्हणू?”

शिष्य तिच्यासमोर जमिनीवर बसला. “इथे म्हणा,” तो म्हणाला. म्हातारी म्हणू लागली, आणि आयुष्यात प्रथमच तो काही न मोजता ऐकत राहिला.