मेखलाने टाळलेले दालन

किती पिढ्या उलटल्या ते आता कुणालाच सांगता येणार नाही; पण फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते आणि तळ्याला मातीचा बांध. तळ्याच्या पाण्यावर गावाची शेती पिकायची, आणि त्याच पाण्याची गावाला धास्ती असायची.

म्हणून गावाने ठरवले, आपले एक हुशार मूल राजधानीच्या विद्यापीठात पाठवायचे. त्याने पाण्याची आणि बांधाची विद्या शिकून यायची. निवड झाली मेखलाची. ती निघाली तेव्हा गावातले वडीलधारे म्हादबाकाका म्हणाले, "पोरी, पुढे तू सांगशील त्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवणार. तेवढं लक्षात असू दे."

विद्यापीठात पहिले वर्ष सगळ्यांना सगळेच थोडेथोडे शिकवीत. मग निवडीचा दिवस येई. प्रत्येक विद्येचे दालन वेगळे. प्रत्येकाने दोन विद्या निवडायच्या आणि सूर्य मावळायच्या आत त्या त्या दालनात जाऊन आचार्यांना नमस्कार करायचा. एकदा नगारा वाजला की निवड पक्की.

जलविद्या मेखलाने सकाळीच घेतली. दुसऱ्या विद्येपाशी मात्र तिचे पाऊल अडले. गणिताची तिला भीती वाटे. एकदा सगळ्यांसमोर तिला साधा भागाकार सुटला नव्हता, आणि अख्खा वर्ग हसला होता. ते हसू तिच्या कानांतून जात नव्हते.

"तू मृत्तिकाविद्या घे," तिची मैत्रीण चारुता म्हणाली. "मातीत तुझा हात कुणी धरू शकत नाही. गणितात निम्मी मुलं नापास होऊन घरी जातात. तशीच परत गेलीस तर गावाला तोंड कसं दाखवशील?"

दिवस कलला. मेखला गणिताच्या दालनासमोर आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली. वृद्ध आचार्य दारात उभे होते.

"आचार्य, गणितावाचून बांध राखता येईल का?"

"बांधाची माती ओळखता येईल, बांधाची डागडुजीही करता येईल," आचार्य म्हणाले. "पण पाणी किती चढेल आणि कधी चढेल, हे कुणी विचारलं तर गप्प बसावं लागेल; तो हिशेब जलविद्येतही गणितावाचून होत नाही."

"आणि मी नापास झाले तर?"

"तर पुन्हा बसशील."

पलीकडे नगारेवाल्याने टिपऱ्या उचलल्या. एक पाऊल पुढे, इतकेच अंतर होते. ती वळली आणि मृत्तिकाविद्येच्या दालनाकडे धावत सुटली. तिने नमस्कार केला, आणि नगारा वाजला. तिला हायसे वाटले. मग त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली.

शिक्षण संपवून मेखला मानाने गावी परतली. तिने बांधाच्या भेगा बुजवल्या, गवत लावले, चिकणमातीचे थर दाबून घेतले. लोक तिच्यावर खूश होते.

मग एका वर्षी, भात कापणीला आले असताना, आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळू लागला. तळे भराभर चढले. दुपारपर्यंत पाणी बांधाच्या माथ्याजवळ आले. सगळे गाव बांधावर जमले.

पेच अवघड होता. तळ्याचे पाणी सोडायची बांधातली मोरी उघडावी तर ते थेट उभ्या पिकात जाणार आणि वर्षभराचे अन्न बुडणार. न उघडावी तर बांधावरून पाणी वाहून बांध फुटणार आणि गाव बुडणार.

"मेखला, सांग," म्हादबाकाका पावसात ओरडून म्हणाले. "पाणी माथ्यावरून जाईल का?"

तिने पाण्याकडे पाहिले. बांधातल्या मातीचा कण न् कण तिला ठाऊक होता. पण डोंगरावर पडलेल्या पावसाचे किती पाणी अजून वाटेत आहे, ते पोचल्यावर तळे किती चढेल, हे तिला काढता येत नव्हते. साऱ्या गावाचे डोळे तिच्यावर होते. काहीतरी ठोकून द्यावे, असे एक क्षण तिच्या मनात आले.

"काका," ती म्हणाली, "मला ते सांगता येत नाही. ते मी शिकलेच नाही."

म्हादबाकाकांनी डोळे पुसले आणि मोरी उघडायला सांगितली. बघता बघता सोन्यासारखे भात गढूळ पाण्याखाली गेले. थोड्याच वेळात पाऊस थांबला.

त्या वर्षी गावाने कंदमुळे उकडून खाल्ली. मेखलाला कुणी एका शब्दाने बोलले नाही. पण लहान मुले भुकेने रडत, ते तिला ऐकवत नसे.

एके सकाळी ती विद्यापीठाची वाट चालू लागली. वयाने निम्म्या असलेल्या मुलांच्या शेजारी ती गणिताच्या दालनात बसली. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. मुले हसली. ती पुन्हा बसली. हळूहळू आकडे तिचे ऐकू लागले. जेव्हा जमले, तेव्हा तिने सर्वांत आधी त्या दुपारचे गणित मांडले. उत्तर आले: मोरी बंद ठेवली असती तरी पाणी माथ्याखालीच थांबले असते. पीक बुडवायची गरज नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाही.

गावी येऊन तिने ते उत्तर चावडीवर सर्वांना सांगितले, काही न लपवता. म्हादबाकाका म्हणाले, "त्या दिवशी खोटं बोलली नाहीस, आजही नाहीस. यापुढेही बांध तूच बघ."

पुढे पुन्हा तसाच पाऊस आला, पुन्हा पीक उभे होते. मेखलाने पाण्याचा चढ पाहिला, हिशेब केला, पुन्हा करून पाहिला. लोक श्वास रोखून उभे होते. "मोरी उघडू नका," ती म्हणाली. पाणी चढत चढत माथ्याला वीतभर उरेपर्यंत आले, तिथेच घोटाळले आणि ओसरू लागले. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक घरात नव्या तांदळाचा भात शिजला.

बोध: शिकायचे काय हे ठरवताना आपल्याला सोपे काय जाईल ते पाहू नये, आपल्या कामाला काय लागेल ते पाहावे.