झाकणाखालचं पाणी

वस्तू बोलत आणि माणसं त्यांचं खरं मानत, त्या काळची ही गोष्ट. गंगाराम कारागिराच्या चिनीमातीच्या बरणीतल्या बॅटरीत आंबट पाणी आणि मँगनीजचा काळा पत्रा राहत. पाण्यातले बारीक कण पत्र्यात शिरले की विहीर खणणाऱ्या सटवाजीचा दिवा जळे. पण दर खेपेला पत्रा थोडा विरघळे.

"अरे, तू झिजतोयस," पाणी म्हणालं. "गंगारामला सांगू? थोडं तांबं मिसळलं तर टिकशील."

"तोंड उघडू नकोस. मी अस्सल आहे, मला भेसळ नको."



सटवाजी विहिरीत उतरण्याआधी गंगारामने झाकणावर टिचकी मारली. "काय पत्र्या, बरं आहे ना?"

"ठणठणीत!" पत्रा म्हणाला. पाण्यानेही हो म्हटलं.

साठ हात खाली दिवा विझला. अंधारात सटवाजीचा पाय कपारीवरून निसटला आणि तो तळाशी पडून मेला.

गंगारामने झाकण काढलं. पाणी गढूळ तपकिरी झालं होतं आणि पत्रा उरला नव्हता.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. पण शेजाऱ्याचं मन मोडवेना."

गंगारामने बरणी उचलली आणि सटवाजीच्या बायकोपुढे नेऊन ठेवली.

"आता हिला सांग," तो म्हणाला.