बेरीजबाईंची पेटी

खूप आवृत्त्यांपूर्वी एका संगणकात लिंकर नावाचा जोडारी राहत असे. प्रोग्रामने ज्याचे नाव घेतले, त्याला लायब्ररीच्या पेटीतून शोधून जोडून देणे हे त्याचे काम. मात्र नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवे.

एकदा परगावच्या संगणकातून नवी पेटी आली. निकालाच्या प्रोग्रामने "बेरीज!" अशी हाक मारली. पेटीतून कुणीच ओ दिली नाही. लिंकरचा संशय लगेच शेजारच्या वजाबाकीवर गेला.

"तूच कमी केलीस ना तिला?"

"मी कशाला? मी पेटीला हातही लावला नाही."

"सवय कुठे जाते! झडती घेतो. ती सापडली नाही, तर तुला इथून काढून टाकीन."

पेटीच्या तळाशी एक बाई ऐसपैस बसल्या होत्या. "बेरीज कुठाय?" लिंकरने दरडावले.

"मीच ती. पण आमच्याकडे नावं नोंदवणाऱ्या कंपायलरने मानाने 'बेरीजबाई' लिहिलंय. नुसत्या बेरीजला मी का ओ देऊ?"

शेवटी बाईंनी 'बेरीज' अशी साधी पाटीही गळ्यात घातली आणि निकाल लागला. लिंकर ओशाळून म्हणाला, "वजाबाकीताई, चुकलो हं."

वजाबाकीने मान फिरवली. "ताई कोण? नोंदीत मी नुसती वजाबाकी आहे."