वरच्या शाळेचा चढ

एकदा एका स्त्रीच्या वाट्याला माहेरची बंद पडलेली मोटार आली. वडील गुरांचे डॉक्टर होते. त्या लहानशा गाडीतून त्यांनी तीस वर्षं वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, आणि मुलीला चालवायलाही त्याच गाडीवर शिकवलं. ते गेल्यावर दोघा भावांनी घर आणि जमीन आपसात वाटून घेतली, आणि बहिणीचंही मन राखायला हवं म्हणून अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवलं. चाकांत हवा नव्हती, सीटखाली उंदरांनी संसार थाटला होता. ही हसून नाही म्हणेल, असा भावांचा अंदाज होता. तिनं टेम्पो बोलावला आणि गाडी सासरी आणली.

सासर डोंगराच्या पायथ्याशी, एका लहान गावात. घरात थोरले दीर कर्ते. नवरा स्वभावानं भला, पण भावापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. दिरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चारचौघांत म्हणाले, "लोकांच्या सुना माहेराहून काय काय आणतात. आमच्या वैजयंतीनं गंज आणलाय." सगळे हसले. वैजयंती हसली नाही, आणि मला वाटतं कथा खरी तिथंच सुरू झाली.

त्याच गल्लीत तंत्रशाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध मास्तर राहत. ती त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "मास्तर, मला ही गाडी उभी करायला शिकवा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "शिकवतो. पण मी हात लावणार नाही. नुसता बोलेन."

पुढची दोन वर्षं घरच्या शेडमध्ये हा अभ्यास चालला. स्वयंपाक आटोपला की वैजयंती जुनी साडी गुंडाळून गाडीखाली शिरायची आणि मास्तर स्टुलावर बसून बोलायचे. तिनं इंजिन उतरवलं. एकेक भाग रॉकेलच्या पातेल्यात भिजवला, घासला, आणि कुठला कुठे बसतो हे लिहून मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवला. सडलेल्या तळाला पत्र्याची ठिगळं लावली. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपातला रबरी पडदा मात्र फाटलेला, आणि तसला पडदा आता कुठल्याच दुकानात मिळेना. तेव्हा तिनं जाड रबरी कापड आणून पडदा घरीच कापला. मास्तर म्हणाले, "सपाटीवर चालेल. पुढचं पुढे पाहू."

ज्या दिवशी इंजिन धडधडलं, त्या दिवशी ती शेडच्या दाराला टेकून बराच वेळ रडली. आनंदानंच रडली. दिरांना मात्र तो आवाज सोसवला नाही. दिवाळीत त्यांच्या मुलाची नवी गाडी यायची होती आणि तिला शेड हवी होती. त्यांनी गावातल्या भंगारवाल्या शेठला निरोप धाडला आणि अट जाहीर केली. "येत्या रविवारी ही गाडी स्वतःच्या बळावर वरच्या शाळेचा चढ चढली, तर राहील. नाही चढली, तर शेठ तिथूनच ओढून नेतील."

तो चढ एसटीलाही घाम फोडणारा होता. दिरांनी तो उगाच निवडलेला नव्हता. मास्तर काही बोलणार, तोच वैजयंती म्हणाली, "चालेल."

रविवारी निम्मं गाव चढाशी जमलं. शेठ टेम्पो आणि दोरखंड घेऊन आले होते. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, तेव्हा लोकांत थोडी कुजबुज झाली. ती पहिलं वळण चढून गेली. दुसऱ्या वळणावर मात्र तिला उचक्या लागल्या आणि ती गप्प झाली. वैजयंतीनं ब्रेक सैल करत ती खाली सपाटीवर आणली. तिथं गाडी पुन्हा झकास चालू लागली, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्यांदा चढवली. पुन्हा तेच वळण, पुन्हा त्याच उचक्या.

आता लोक मोकळेपणी हसू लागले. शेठ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. गाडीलाबी वय असतंय." माणूस वाईट नव्हता. तिला रडू आलं नाही, संताप आला. दोन वर्षांची कमाई या एका वळणावर दोराला बांधली जाणार, आणि तेही या हसण्याच्या गलक्यात!

तेवढ्यात मास्तर दार उघडून तिच्या शेजारी येऊन बसले.

"खाली घे. सपाटीवर गाडी वळव. तोंड गावाकडे कर."

"म्हणजे? हरलो म्हणून परत जायचं? मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"वळव म्हटलं ना!"

तिनं ओठ घट्ट मिटून गाडी वळवली. चढाकडे पाठ झालेली पाहून दीर म्हणाले, "चला, शहाणपण सुचलं एकदाचं."

मास्तर म्हणाले, "आता रिव्हर्स टाक. आणि रस्त्याकडे बघ, माणसांकडे बघू नकोस."

खिडकीतून मान बाहेर काढून, मागे पाहत तिनं गाडी उलटी चढवायला घेतली. हसण्याचा एकच कल्लोळ झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी म्हणालं की गाडीला दिशाच कळेना. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण आलं, आणि गाडीनं साधी उचकीही दिली नाही. हसू हळूहळू ओसरलं. मघाशी शिट्टी मारणारेच दोघे पळत पुढे गेले आणि वाटेत लावलेली एक स्कूटर त्यांनी बाजूला ओढली. गाडी तशीच पाठमोरी शाळेच्या मैदानात जाऊन उभी राहिली.

दीर धापा टाकत वर आले. "हे चढणं नव्हे! उलटी गाडी कुणी चढवतं का? अट मोडली."

मास्तर खाली उतरले आणि शांतपणे बोलू लागले. "गाडीचं इंजिन पुढे असतं आणि पेट्रोलची टाकी मागे. सरळ चढताना टाकी खाली राहते, आणि पंपाला पेट्रोल वर ओढून न्यावं लागतं. आमच्या पंपाचा पडदा घरी कापलेला आहे, त्याच्यात तेवढा दम नाही. पाठमोरी चढवली की टाकी वर जाते आणि पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरतं. स्वतःच्या बळावर चढावं, ही तुमची अट. तिचं बळ जेवढं आहे आणि जिथं आहे, त्यावरच ती चढली. तोंड कोणीकडे करून चढायचं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतंत, तरी आम्ही ऐकलं नसतं."

शेठ दोरखंड गुंडाळत म्हणाले, "साहेब, चालती गाडी मी भंगारात घेत न्हाई."

वैजयंतीनं हळूच विचारलं, "मास्तर, हे आधीच का नाही सांगितलंत? दोनदा शोभा झाली."

"कारण मलाही ते दुसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावरच सुचलं," मास्तर म्हणाले. "चढायचं ते या लोकांसारखंच, असं आपण दोघंही धरून बसलो होतो."

दोन वर्षं आपण यांच्या हसण्याला उत्तर द्यायला झटलो, आणि ते उत्तरही यांना पटेल अशाच रीतीनं द्यायचं ठरवून बसलो होतो, हे तिला त्या मैदानात उमगलं. मनावरचं एक मोठं ओझं उतरलं.

ती गाडीत बसली. दीर बॉनेटसमोरच उभे होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात ती त्यांच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती.

"भाऊजी, बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला गाडी शेडमध्ये लावायची आहे."

दीर बाजूला झाले. चढ उतरून तिनं सरळ घराकडे न जाता गाडी बाजारपेठेकडे वळवली, सावकाश एक मोठा वळसा घातला, आणि मग घरी आली.