रिकाम्या जात्याचा आवाज

फार पूर्वी एका गावात एक आई रोज पहाटे जातं ओढायची आणि मोठ्याने ओव्या म्हणायची. शेजारी म्हणत, "भरल्या घरची बाई." पण तिच्या मांडीवर निजणाऱ्या मुलाला खरं ठाऊक होतं. जात्यात दाणा असला की ते घरघरतं. दाणा नसला की नुसता दगडावर दगड खरवडतो. तो आवाज त्याच्या कानात कायमचा राहिला.

मुलगा मोठा झाला, राजाच्या धान्यकोठारावर कोठावळा झाला आणि तिथेच म्हातारा झाला.

एके वर्षी दुष्काळ पडला. राजाने हुकूम सोडला, "एकही चूल थंड राहता कामा नये. दर आठवड्याला घरटी दोन पायल्या ज्वारी द्या." कारकुनांनी घरं मोजली. ज्या घरात खुंटीला पागोटं, ते घर यादीत.

कोठावळा गाडी घेऊन एका गावी गेला. यादीप्रमाणे वाटप करून पाटलाकडे मुक्कामाला राहिला. पहाटे बैल जुंपताना टोकाच्या झोपडीतून जात्याचा आवाज आला. म्हातारा थबकला.

"हे घर यादीत नाही?"

"नवऱ्याने टाकलेली बाई ती," पाटील म्हणाला. "पण तिला काय कमी? ऐकताय ना, रोजचं दळण चालू असतं!"

कोठावळा झोपडीपाशी गेला. दोन मुली निजल्या होत्या. बाई जातं ओढत होती. खाली पिठाचा कण नव्हता.

"पोरी, माझ्या गाडीपाशी का नाही आलीस?"

"आले होते बाबा. 'कुणाच्या घरची?' म्हणून तुमच्या कारकुनाने विचारलं. नवऱ्याचं नाव सांगितलं, तर त्या नावाची ज्वारी तो कधीच नव्या घरी घेऊन गेलेला."

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मी म्हटलं हिला, खुंटीला एखादं जुनं पागोटं अडकव. कोण बघतंय?"

"अडकवलं असतं गं. पण पागोट्याच्या नावाने का मागू? पागोटं काही जेवत नाही. जेवणाऱ्या आम्ही तिघी."

गाडीत थोडी ज्वारी उरली होती. ती मोजून कोठारात परत द्यायची होती.

"बुवा, यादीबाहेर दाणा दिलात तर या वयात चाकरी जाईल," पाटलाने बजावलं.

म्हाताऱ्याने गाडीतलं माप काढलं. मग त्याने दोन पायल्या तिच्या सुपात ओतल्या.

कोठारात परतलेली ज्वारी कमी भरली, तेव्हा राजाने त्याला बोलावून घेतलं. "यादी का मोडलीस?"

"महाराज, आपला हुकूम चुलींचा होता. यादी पागोट्यांची झाली."

राजाने जुनी यादी बाजूला सारली. मग म्हणाला, "नवी यादी कर. जी जातं ओढते, तिच्या नावाने. आणि माप तिच्याच हातात."

त्या एका गावात आणखी अकरा रिकामी जाती निघाली.

पुढच्या खेपेला म्हातारा पहाटेच त्या झोपडीपाशी पोचला. आत जातं घरघरत होतं, जड, भरल्या तोंडाचं. तो दाराबाहेर उभा राहून ऐकत राहिला. डोळे पुसले, आणि हाक न मारता गाडीकडे निघून गेला.

तात्पर्य एवढंच: मदत द्यायला निघालेल्याने घर कुणाच्या नावाचं ते विचारू नये, त्या घरची चूल कोण पेटवतं ते बघावं.