हुकूम तोच, दार दुसरं

कन्याशाळेच्या शिपायाने गोजराला तिसऱ्यांदा दारातून हाकललं, तेव्हा दसऱ्याला चारच दिवस उरले होते. दसऱ्याला तिला बारा वर्षं पुरी होणार होती, आणि बारा पुरी झालेल्या मुलीला शाळेत घेत नसत.

शाळा राजे यशोधरांनी मोठ्या हौसेने काढली होती. मुलींना पुस्तकं फुकट, कपडे फुकट, दुपारचं जेवण फुकट. खोटी नावं लावून कुणी शिधा उचलू नये, म्हणून दारावरचा फलक त्यांनी स्वतः लिहिला होता : 'जी मुलगी शिपायासमोर बसून स्वतःच्या हाताने अर्ज लिहील, तिलाच या दारातून सोडावे.' या बंदोबस्तामुळे तीन वर्षांत एकही खोटं नाव लागलं नव्हतं. खरंही लागलं नव्हतं. पंतोजी रिकाम्या वर्गाची हजेरी घेत, आणि मुलींच्या वाटणीचं जेवून जेवून आचाऱ्याला स्वयंपाकघराचं दार अपुरं पडू लागलं होतं.

गोजरा ही सटवा कुंभाराची लेक. शाळेत माठ पोचवायला ती मागच्या दाराने जायची. तिथली कोऱ्या पाट्यांची चळत बघून तिचा जीव तुटायचा. आज ती पोटभर रडली, मग तोंड धुतलं आणि सरळ दरबारात गेली.

"म्हाराज, लिहाया येत न्हाई म्हणून तर शाळा पायजे! आन् शाळेत शिरायला आधी लिहाया यावं म्हनं!"

दिवाण त्र्यंबकपंत खाकरले. "मुलींना शिकायची आवडच नाही, महाराज. तीन वर्षांचा अनुभव आहे."

पण राजांना झोंबलं ते भलतंच. "माझ्या हुकमात खोट काढतेस?" ते गरजले. "त्यातलं एक अक्षर न बदलता शाळा भरून दाखव! दसऱ्याच्या आत! नाही जमलं, तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही!"

"बरं," गोजरा म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजवाड्यात पाच नवे माठ जायचे होते. गोजराने ते दरबारातच आणून मांडले. सटवा कुंभार बाहेर देवाचं नाव घेत उभा राहिला.

राजांनी माठाला हात लावला, तर बोटाला माती लागली. "अगं, हे तर कच्चे आहेत!"

"व्हय. आधी पानी भरून बघा. ज्यात पानी ऱ्हाईल, तेवढेच आव्यात भाजते. उगा बाकीच्यांवर लाकडं कशाला जाळायची?"

दिवाणांना हे काटकसरीचं वाटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी ओतलं. माठ आधी पाझरला, मग खचला, मग बसलाच. चिखलाचा ओघळ गालिच्यावरून राजांच्या मोजड्यांपर्यंत आला.

"मूर्ख पोरी!" राजे पाय वर घेत ओरडले. "कच्च्या मडक्यात पाणी राहतं का कधी?"

"मग कवा बघायचं, म्हाराज? आव्यात जाताना का बाहेर निघताना?"

"बाहेर निघताना! शेंबडं पोरही सांगेल!"

"मग म्हाराज, तुमच्या हुकमात कायबी खोट न्हाई," गोजरा हात जोडून म्हणाली. "फकस्त फलक चुकीच्या दारावर लागलाय. फुडच्या दारावरचा काढा आन् मागच्या दारावर लावा. शिकून बाहेर निघताना जी पोरगी सवताच्या हातानं अर्ज लिहील, तिलाच त्या दारातनं घरी सोडा. अक्षरसुदिक बदलू नका!"

दिवाणांनी हुकूम मनातल्या मनात दोनदा वाचला. अक्षर कुठेच बदलत नव्हतं.

राजे पोट धरून हसत सुटले. इतके हसले, की मोजड्या चिखलातच राहिल्या. "पंत, फलक आजच्या आज हलवा! माठांचे पैसे सटव्याला दुप्पट द्या! आणि पोरी, तुला काय हवं? सोन्याच्या बांगड्या?"

"चाळीस पाट्या पडून हाईत, त्यातली एक द्या," गोजरा म्हणाली. "आन् शिपाईकाकांना आत्ताच सांगा, आजपासनं मागच्या दाराशी बसायचं. फुडनं आळीतल्या बावीस पोरी यायल्यात!"