पंगतीत बसलेला सावकार

पूर्वी वेणुकंठ नावाच्या नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रथकारांच्या कुळात जन्मले आणि वयात आल्यावर रथकारांच्या श्रेणीचे, म्हणजे कारागिरांच्या संघाचे, प्रमुख झाले. त्यांच्या रथशाळेत सोणक नावाचा कारागीर चाकांचे आरे घडवी. त्याचे चाक एकदा ढकलले की तीन गावे ओलांडून दमल्यावरच थांबे, असे लोक सांगत. मी दोनच ऐकली आहेत.

बायकोच्या दुखण्यापायी सोणकाने भरुक सावकाराकडून चाळीस कार्षापण उचलले होते. भरुक इतका चिक्कू, की जांभई आली तरी तोंडावर हात धरी, आतली ऊब फुकट जाऊ नये म्हणून. कर्ज थकताच तो न्यायसभेत गेला. न्यायाधीशांनी ताडपत्रावर आज्ञा लिहून ती सोणकाच्या हाती न देता थेट रथशाळेत पाठवली. राजाचा कर वजा जाता उरलेल्या वेतनाचा चौथा हिस्सा प्रमुखाने कापून दरमहा सावकाराला द्यावा. उरलेल्या तीन हिश्शांना कोणी हात लावू नये, ते घरच्या चुलीचे. प्रमुखाने कापले नाही तर त्याने स्वतःच्या गाठीचे भरावे, आणि हे झेंगट नको म्हणून कारागिराला काढून टाकले तर दंड भरावा. मात्र कारागीर आपण होऊन काम सोडून गेला, तर तो सावकाराचा दास.

त्या शेवटच्या ओळीवर भरुकाचा डोळा होता. चौथा हिस्सा व्हायचा चार कार्षापण आणि महिन्याचे व्याजही चारच, म्हणजे मुद्दल जन्मभर जागचे हलणार नव्हते. पण फुकटात असा कारागीर दास म्हणून मिळाला तर ते व्याजाहून गोड.

रथशाळेत दुपारी सगळ्यांची पंगत बसे. एके दिवशी भरुक तिथे येऊन ठाकला. म्हणाला, हा भातही वेतनच, तेव्हा याचाही चौथा हिस्सा माझा.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "सावकार, हे वेतन नव्हे, ही पंगत आहे. सोणकाच्या पानाला हात लावू देणार नाही. जेवायचंच असेल तर तुमचं वेगळं पान मांडतो. पण दारावरचा नियम आधी वाचा. आमचा भात बाहेरच्याला महाग पडतो."

"तुम्ही वाढा हो," भरुक म्हणाला आणि मांडी ठोकून बसला.

बोधिसत्त्वांनी आणखी दोन दिवस तेच बजावले. मग वाढत गेले.

भरुक रोज सोणकाच्याच शेजारी बसे. त्याचे घास मोजी. भात मागून घेतला तर हसे, आणि वरण ओरपता ओरपता हळूच म्हणे, "खा बाबा, खा. दासाला अंगात जोर हवाच." आजूबाजूचे माना खाली घालत. सोणक अर्ध्या पानावरून उठू लागला. त्याचे आरे वाकडे निघू लागले. बाराव्या दिवशी त्याने वाकस, पटाशी ही आपली हत्यारे फडक्यात बांधली.

"तात, निघतो मी," तो बोधिसत्त्वांना म्हणाला. "दास झालो तरी चालेल. हे रोजचं गिळणं नको."

"तू दास झालास तर तुझी पोरं कोणाची, ते त्याला विचारलंस का?"

सोणकाने गाठोडे खाली ठेवले.

"गाठोडं सोड. अजून तीन दिवस माझ्यासाठी जेव."

सोणक जेवला. कसा, ते त्यालाच ठाऊक.

महिना भरला. बोधिसत्त्वांनी आज्ञेप्रमाणे चार कार्षापण मोजून दिले आणि म्हणाले, हे मुद्दलातले. भरुक तसाच तावातावाने न्यायसभेत गेला. न्यायाधीशांनी बोधिसत्त्वांनाही बोलावून दोघांचे ऐकून घेतले आणि भरुकाला विचारले, रथकारांच्या पंगतीत किती दिवस जेवलात? भरुक हिशेबात पक्का. छाती काढून म्हणाला, अठरा. मग न्यायाधीशांनी रथशाळेच्या दारावरचा श्रेणीचा नियम वाचला. तो राजमुद्रेचा होता. सलग पंधरा दिवस जो आमच्या पंगतीत जेवला तो आमच्यातला, आणि आमच्यातल्याने आमच्यातल्याकडून व्याज घेऊ नये.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?"

"वाचा म्हणाले होते," भरुक पुटपुटला, "पण भात निवत होता."

चाळीस कार्षापण, महिन्याला चार. दहा महिन्यांत ऋण फिटणार होते. बोधिसत्त्वांनी त्यातला एकही कार्षापण बुडू दिला नाही, कारण घेतलेले परत करणे हाही न्यायच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरुक दाराशी येऊन घुटमळला. कोणी बस म्हणेना. सोणकाने त्याच्याकडे पाहिले आणि आपले पान बाजूला सरकवले.

"या सावकार, आता घरचेच तुम्ही. भात निवतोय."

त्या दिवशी भरुक पहिल्यांदाच कोणाचा घास न मोजता जेवला.

विहारात जेवणाच्या वेळी भिक्खूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भरुक म्हणजे शेजाऱ्याच्या पात्रात डोकावणारा हा आपला वृद्ध भिक्खू. सोणक म्हणजे आज त्याच्या पात्रात आपला घास टाकणारा तरुण भिक्खू. आणि रथकारांचा प्रमुख मीच होतो." आज्ञा न मोडता माणूस वाचवते ती प्रज्ञा, आणि ज्याने छळले त्यालाही जागा करून देते ती करुणा.